सार्वभौम कोण? प्रचारसभेतला एक शब्द

१९८७ च्या डिसेंबरात मी बारावीला होतो. जोगेश्वरीहून पार्ल्याच्या कॉलेजात लोकलनं जायचो. त्या महिन्यात विलेपार्ल्यात विधानसभेची पोटनिवडणूक लागली होती. एका बाजूला काँग्रेसचे प्रभाकर कुंटे, दुसऱ्या बाजूला शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू. रिक्षांवर कर्णे बांधलेले आणि भिंतींवर ‘गर्व से कहो हम हिंदू हैं’. मला काही मत नव्हतं. तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं, ते अठरावर आलं १९८९ साली. पण ऐकायला वयाची अट नसते.

पार्ले पूर्वेला माझा एक वर्गमित्र राहायचा. दुपारी त्याच्या घरी अभ्यासाला बसलो होतो. त्याच्या आईनं, म्हणजे काकूंनी, पोहे दिले. तेवढ्यात खालून प्रचाराची रिक्षा गेली. हा देश कुणाचा आहे आणि कुणाचा नाही, हे कर्णा सांगत होता. काकू ओशाळल्या. म्हणाल्या, “तू मनावर घेऊ नकोस हं. हे तुझ्याबद्दल नाही. तू आपल्यातलाच.” मी सहज विचारलं, “मग कुणाबद्दल, काकू?” त्यांनी खिडकीबाहेर हायवेच्या दिशेनं हात केला. “ते रे... त्यांच्याबद्दल.”

काकूंचा तो हात मी पुढे अनेक निवडणुकांत पाहिला. आजच्या भाषणाचा विषय आहे निवडणूक प्रचारातली देशाच्या सार्वभौमत्वाची भाषा, आणि विशेषतः उजव्या विचारांचे, लोकभावनेवर स्वार होणारे पक्ष ती कशी बोलतात हे. विषय जड वाटतो खरा. पण मला तो प्रथम समजला तो पोह्यांच्या बशीसमोर, म्हणून तिथून सुरुवात केली.

आधी शब्दाकडे पाहू. मी कवी आहे, शब्द उलटापालटा करून पाहण्याची खोड जात नाही. सार्वभौम म्हणजे सर्व भूमी ज्याची तो. जुन्या संस्कृतात हे चक्रवर्ती सम्राटाचं विशेषण. पुराणातल्या अष्टदिग्गजांमध्ये उत्तर दिशा पेलणाऱ्या हत्तीचं नावही सार्वभौमच. आता उर्दूकडे या. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेचा उर्दू तर्जुमा पाहिला तर ‘सार्वभौम’च्या जागी शब्द येतो ‘मुक्तदिर’. ज्याच्या हाती सारी सत्ता आहे तो. अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांमधलं हे एक नाव. गंमत बघा, दोन्ही भाषांनी हा शब्द वरच्या एकासाठी राखून ठेवला होता, एकीनं सम्राटासाठी, दुसरीनं परमेश्वरासाठी. १९४९ साली संविधान सभेनं तो तिथून खाली उतरवला आणि ‘आम्ही, भारताचे लोक’ असं म्हणून तुमच्या-माझ्या हातात दिला. पार्ल्याच्या काकूंच्या, आमच्या मोहल्ल्यातल्या पाववाल्याच्या, सगळ्यांच्या.

हा शब्द निवडणुकीच्या कायद्यातही आहे. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीपासून प्रत्येक उमेदवाराला अर्ज भरताना शपथ घ्यावी लागते की, मी देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता उन्नत राखीन. तेव्हा दक्षिणेत द्रविड मुन्नेत्र कळघमची वेगळ्या राष्ट्राची मागणी होती, त्या पार्श्वभूमीवर ही शपथ आली. पक्षाची नोंदणी करतानाही घटनेत तेच लिहून द्यावं लागतं. म्हणजे रिंगणातला प्रत्येक जण, अगदी डिपॉझिट जप्त होणारा अपक्षसुद्धा, हीच शपथ घेऊन आलेला असतो. आणि दुसऱ्या दिवशी सभेत सांगतो की समोरचा देश विकणार आहे.

आता असं म्हणतील की हे सगळेच करतात. करतात. इंदिरा गांधींच्या काळात काही बिनसलं की ‘परकीय हात’ दाखवला जायचा. आमच्यातल्या पुढाऱ्यांनी ‘इस्लाम खतरे में’ ओरडून किती मतं गोळा केली, ते मी मोहल्ल्यात राहून पाहिलं आहे. पण उजव्या लोकानुनयी पक्षांच्या बोलण्यात एक वेगळी कसब असते. ते सार्वभौमत्वाच्या गोष्टीतला ‘बाहेरचा’ हळूच आत आणून बसवतात. भाषण सुरू होतं सीमेपलीकडून आणि संपतं शेजारच्या गल्लीत.

मुंबईच्या उपनगरांनी हे फार लवकर पाहिलं. १९६७ ची लोकसभा. ईशान्य मुंबई मतदारसंघ, ज्यात आपला घाटकोपर-मुलुंडचा पट्टा येतो. तिथे व्ही. के. कृष्ण मेनन उभे होते, १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळचे संरक्षणमंत्री. काँग्रेसनं त्यांना तिकीट नाकारलं, ते अपक्ष लढले. काँग्रेसचे उमेदवार होते माजी आयसीएस अधिकारी स. गो. बर्वे. श्रोतेहो, देशाच्या सार्वभौमत्वावर एखाद्या उमेदवाराला जाब विचारायचा, तर याहून योग्य माणूस आणि योग्य वेळ कोणती असणार? चीन आत आला होता, आणि त्या वेळी संरक्षण खातं यांच्याकडे होतं. तो जाब काही जणांनी विचारलाही. पण नव्यानंच जन्मलेली शिवसेना बर्व्यांच्या बाजूनं उतरली, आणि तिच्या प्रचाराचा भर राहिला तो मेनन केरळचे, बाहेरचे, यावर. ‘हटाव लुंगी’चे ते दिवस. प्रश्न होता हिमालयाचा, उत्तर शोधलं माटुंग्याच्या खानावळीत. मेनन हरले. निकालानंतर थोड्याच दिवसांत बर्व्यांचं निधन झालं, पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे उभ्या राहिल्या, मेनन पुन्हा हरले. पुढे ते १९६९ मध्ये मिदनापूरहून आणि १९७१ मध्ये तिरुवनंतपुरमहून लोकसभेत गेले. चीनबद्दलचा जाब घाटकोपर-मुलुंडमध्ये अर्धवटच राहिला.

पुन्हा पार्ल्याकडे येतो. डॉ. प्रभू निवडून आले. कुंटे हायकोर्टात गेले. मुद्दा होता बाळासाहेब ठाकरे यांच्या तीन भाषणांचा, २९ नोव्हेंबर, ९ डिसेंबर आणि १० डिसेंबर १९८७ ची. ही निवडणूक हिंदू धर्माच्या रक्षणासाठी आहे, मुसलमानांच्या मतांची आम्हाला पर्वा नाही, हा देश हिंदूंचा आहे आणि राहील, अशा आशयाची विधानं न्यायालयाच्या कागदपत्रांत नोंदली गेली. १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निवडणूक रद्द केली. ११ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं.

या निकालाकडे लोक धर्माच्या नावावर मतं मागण्याचा खटला म्हणून पाहतात, ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ‘देश अमक्यांचा आहे’ हे वाक्य मुळात मालकीचं आहे. आणि देशाची मालकी कुणाची, या प्रश्नाचंच नाव सार्वभौमत्व. त्या भाषणांनी पाकिस्तानला आव्हान दिलं असेल-नसेल, पण पार्ल्याच्या मतदारयादीतल्या काही नावांना सांगितलं की तुमच्या मताची किंमत नाही. संविधानानं सम्राटाकडून काढून लोकांना दिलेली वस्तू लोकांपैकी काहींकडूनच परत मागितली गेली.

त्याच दिवशी, त्याच खंडपीठानं दुसरा एक निकाल दिला. १९९० च्या प्रचारात शिवाजी पार्कच्या सभेत मनोहर जोशी म्हणाले होते की, पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल. न्यायालयानं या विधानाला नावं ठेवली, पण ते धर्माच्या नावावर मत मागणं नव्हे, ती एक आशा आहे, असं म्हणून जोशींची निवडणूक राखली. निकाल लागला तेव्हा ते राज्याचे मुख्यमंत्री होते. मी तेव्हा बीए होऊन कारकुनीला लागलो होतो. कचेरीतले कदमसाहेब दोन्ही बातम्या शेजारी शेजारी ठेवून मला म्हणाले, “कवी, यातला फरक समजावून सांगा.” मला तो तेव्हा सांगता आला नाही. पुढे आमच्या शेजारच्या सांताक्रूझच्या एका जुन्या निवडणूक खटल्यात, अभिराम सिंग यांच्या, २ जानेवारी २०१७ ला सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन असा निर्णय दिला की उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावानंही मतं मागता येणार नाहीत. निवडणूक होती १९९० ची. कायद्यानं वाट सापडवली, पण सत्तावीस वर्षांनी.

पार्ले प्रकरणाचा शेवटही सांगायला हवा. जुलै १९९९ मध्ये निवडणूक आयोगाच्या शिफारशीवरून राष्ट्रपतींच्या आदेशानं बाळासाहेब ठाकरे यांचा मताचा आणि उमेदवारीचा हक्क सहा वर्षांसाठी गेला, मुदत धरली डिसेंबर १९९५ पासून. त्या वर्षी सप्टेंबरात लोकसभा आणि विधानसभा एकदम झाल्या. मी मत दिलं, त्यांना देता आलं नाही. मोहल्ल्यात कुणी कुणी खूश होतं. मला खरं सांगायचं तर आनंद झाला नाही. ज्या वस्तूची मला एवढी किंमत वाटते ती कुणाकडूनही काढून घेतलेली बघायला बरं वाटत नाही.

आता १९९५ च्या विधानसभेकडे वळतो, कारण सगळा विषय या एका निवडणुकीत समजतो.

त्या प्रचारात शिवसेना-भाजप युतीनं परक्यांविषयी दोन मोठी आश्वासनं दिली. एक होतं एन्रॉनचं, दुसरं बांगलादेशींचं. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू, आणि बांगलादेशी घुसखोरांना मुंबईतून हाकलू. दोन्ही सार्वभौमत्वाचीच आश्वासनं. एकात परका होता अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा, दुसऱ्यात झोपडपट्टीतला.

एन्रॉनचा प्रश्न मी घरातून पाहिला आहे. माझं आजोळ दाभोळचं. वाशिष्ठीच्या खाडीच्या अलीकडे दाभोळ, पलीकडे गुहागर तालुक्यातली वेलदूर, अंजनवेल, रानवी ही गावं. तिथे दाभोळ पॉवर कंपनीचा प्रकल्प आला. डिसेंबर १९९३ मध्ये शरद पवार मुख्यमंत्री असताना वीज मंडळानं खरेदी करार केला. राज्य सरकारनं हमी दिली, केंद्रानं प्रतिहमी. वाद झाला तर निवाडा लंडनला, हमीला कायदा इंग्लंडचा, आणि सार्वभौम सरकार म्हणून मिळणारं कायदेशीर संरक्षण सोडून देण्याचंही त्यात कबूल केलेलं. म्हणजे बघा, इथे ‘सार्वभौम’ हा शब्द भाषणात नव्हे, खुद्द करारात होता. गोपीनाथ मुंडे यांनी हा प्रश्न प्रचारात घेतला तेव्हा त्यांचं पुष्कळसं म्हणणं मला पटलं होतं. माझ्या मामांनी, पिढ्यान्‌पिढ्या काँग्रेसला मत देणाऱ्या माणसानं, त्या वर्षी कुणाला मत दिलं ते मला माहीत आहे, इथे सांगत नाही.

मार्चमध्ये युतीचं सरकार आलं. मुंडे उपमुख्यमंत्री झाले, त्यांच्या समितीनं अहवाल दिला, आणि ३ ऑगस्ट १९९५ ला मुख्यमंत्री जोशी यांनी प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. आजोळी फटाके वाजले म्हणतात. कंपनी लंडनला लवादाकडे गेली, सरकार हायकोर्टात गेलं आणि करारच गैरमार्गानं झाल्याचा आरोप केला. मग काय झालं? कंपनीच्या रिबेका मार्क मुंबईत आल्या, मातोश्रीवर गेल्या. फेरवाटाघाटींसाठी समिती नेमली गेली. जानेवारी १९९६ मध्ये नवा करार मान्य झाला, आणि प्रकल्प लहान न होता उलट थोडा मोठा झाला, २०१५ मेगावॉटचा २१८४. सरकारनं आपला दावा मागे घेतला. मे १९९६ मध्ये दिल्लीत वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार आलं, त्यानं जाता जाता प्रतिहमीवर मंजुरीची मोहोर उठवली. पुढची कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, ती मंडळाला परवडेना, २००१ मध्ये बंद पडली, आणि त्याच डिसेंबरात ह्यूस्टनमध्ये खुद्द एन्रॉनचं दिवाळं वाजलं. समुद्रात बुडाला तो मंडळाचा पैसा. मधल्या काळात, जून १९९७ मध्ये, वेलदूरच्या कोळीवाड्यात पहाटे पोलीस शिरले, प्रकल्पाला विरोध करणाऱ्या बायाबापड्यांना मारहाण झाली. परक्या कंपनीपासून ज्यांचं रक्षण व्हायचं होतं ती हीच माणसं.

(याच काळात, १ नोव्हेंबर १९९६ ला, आमच्या अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकल जॅक्सन नाचून गेला. शिवउद्योग सेनेचा कार्यक्रम होता. गर्दी मी बाहेरून पाहिली. माझी त्याला हरकत नव्हती, पण परकी संस्कृती रोखण्याची भाषणंही मी त्याच वर्षी ऐकली होती, एवढंच.)

आता दुसरं आश्वासन. मतदानाच्या आधी तीन दिवस, ६ फेब्रुवारी १९९५ ला, सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल आला होता. मुंबई आणि दिल्लीतल्या काही वस्त्यांत मतदारांना नोटिसा गेल्या होत्या की तुम्ही परदेशी असल्याचा संशय आहे, नागरिकत्व सिद्ध करा. न्यायालयानं म्हटलं की ज्याचं नाव आधीच यादीत आहे तो नागरिक आहे असं धरून चाला. नुसत्या पोलिसांच्या संशयावर घाऊक नावं उडवता येणार नाहीत, माणसाला बाजू मांडू द्या. हा निकाल लाल बाबू हुसेन यांच्या नावानं ओळखला जातो. पण यादीचं एक आणि रस्त्याचं दुसरं. रस्त्यावर १९४६ चा परदेशी नागरिकांचा कायदा होता. त्याच्या नवव्या कलमानुसार आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याला पकडलं त्याच्यावरच.

आमच्या वस्तीत तेव्हा जरीकामाचा एक कारखाना होता. कारखाना म्हणजे एक पोटमाळा, चार लाकडी अड्डे, त्यावर ताणलेलं कापड आणि दोन्ही बाजूंनी मांडी घालून बसलेली हावडा जिल्ह्यातली पोरं. जुलै १९९८ मध्ये मुंबई पोलिसांनी अशा काही कारागिरांना बांगलादेशी ठरवून कुर्ला-हावडा एक्स्प्रेसनं सीमेकडे रवाना केलं. गाडी बंगालमध्ये उलुबेरिया स्टेशनात पोचली तेव्हा फॉरवर्ड ब्लॉकच्या स्थानिक पुढाऱ्यांनी लोक जमवून त्यांना उतरवून घेतलं. आमची माणसं आहेत, असं बंगालच्या सरकारनं सांगितलं. विधानसभेत, लोकसभेत गदारोळ झाला. पण त्या आठवड्यात आमच्या पोटमाळ्यावरचे अड्डे रिकामे होते. एक पोरगा, सतरा-अठरा वर्षांचा, संध्याकाळी माझ्याकडे आला. “चाचा, मराठी में एक अर्जी लिख दो.” मी लिहून दिली. मी अमुक जिल्ह्याचा रहिवासी, मी भारतीय आहे. खाली त्यानं बंगालीत सही केली. त्या कागदाकडे पाहून माझ्या मनात आलं की हा अर्ज वाचणाऱ्याला वरचं मराठी समजेल आणि खालच्या सहीवरून संशय येईल.

ही दोन आश्वासनं शेजारी ठेवा. ज्या परक्याजवळ वकील होते, लंडनचा लवाद होता, मातोश्रीपर्यंत जाणारी गाडी होती, त्याच्याशी बोलणी झाली. ज्याच्याजवळ सुई आणि अड्डा होता, त्याच्यावर आश्वासन पाळलं गेलं. मला वाटतं, या प्रकारच्या प्रचाराचं मर्म इथे आहे. त्यात सार्वभौमत्व गाजवायचं म्हणतात बलवानावर, आणि गाजवतात दुबळ्यावर, कारण बलवान कागद मागतो आणि दुबळ्याकडे कागद मागता येतो. एन्रॉनच्या प्रश्नाला आकडे होते, कलमं होती, ती समजून घ्यावी लागत. बांगलादेशी कोण, हे मात्र काकूंसारखं खिडकीतून हात करून दाखवता येत होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर पत्रं येतील. सीमा ओलांडून बेकायदा माणसं येत नाहीत, असं माझं म्हणणं नाही. येतात. राज्याला त्यांना परत पाठवण्याचा अधिकार आहे, तो सार्वभौमत्वाचाच भाग आहे. १९९३ चे स्फोट, २००६ चे लोकलमधले स्फोट, २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र हे सगळं याच शहरानं सोसलं आहे. २००६ साली ११ जुलैला मी स्वतः सव्वासहाच्या गाडीला लटकलो होतो, ती जोगेश्वरीच्या अलीकडेच थांबली. भीती खरी आहे. प्रश्न एवढाच की खऱ्या भीतीचं उत्तर पोलिसी तपासानं आणि कोर्टातल्या पुराव्यानं मिळतं, आणि सभेत त्या भीतीला फक्त चेहरा दिला जातो. तो चेहरा बहुधा चुकीचा असतो.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. ब्रिटनमध्ये जून २०१६ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्यावर सार्वमत झालं. घोषणा होती, कारभार पुन्हा आपल्या हाती घ्या. भांडण होतं ब्रुसेल्समधल्या अधिकाऱ्यांशी, कायदे कुणी करायचे याचं. पण मतदानाला आठवडा असताना नायजेल फराज यांनी जे पोस्टर लावलं त्यावर ब्रुसेल्स नव्हतंच. होती निर्वासितांची लांबच लांब रांग, आणि तो फोटो होता क्रोएशिया-स्लोव्हेनियाच्या सीमेवरचा. भाषण एकाविरुद्ध, चित्र दुसऱ्याचं. हंगेरीत व्हिक्टर ऑर्बान यांच्या सरकारनं तर डिसेंबर २०२३ मध्ये सार्वभौमत्व संरक्षण कार्यालय काढण्याचा कायदाच केला. नावावरून वाटेल की ते रशिया-अमेरिकेवर नजर ठेवत असेल. त्याचा रोख राहिला देशातल्याच संस्था आणि वृत्तपत्रांवर. यान-वर्नर म्युलर नावाच्या जर्मन अभ्यासकानं २०१६ च्या आपल्या पुस्तकात या पक्षांची एक खूण सांगितली आहे. आम्ही लोकांसाठी काम करतो, असं ते म्हणत नाहीत. खरे लोक म्हणजे आम्हीच, असं म्हणतात. मग जो विरोधात गेला तो लोकांत धरलाच जात नाही. संविधानानं खाली उतरवलेला शब्द असा पुन्हा वर जातो, लोकांच्या नावानं एका नेत्याकडे.

आपल्याकडे आता हा शब्द नुसता उच्चारला गेला तरी ठिणगी पडते. मे २०२३ मध्ये कर्नाटकच्या निवडणुकीत, हुबळीला सोनिया गांधींची सभा झाली. काँग्रेसनं त्या सभेबद्दल प्रसिद्ध केलेल्या संदेशात कर्नाटकच्या ‘सार्वभौमत्वा’ला धक्का लागू देणार नाही, असं लिहिलं. शब्द चुकला होता. आपल्या घटनेत राज्याला सार्वभौमत्व नसतं. अस्मिता म्हणा, हक्क म्हणा. पण दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान मोदींनी नंजनगुडच्या सभेत सांगितलं की काँग्रेसला कर्नाटक भारतापासून तोडायचं आहे. भाजप आयोगाकडे गेला, आयोगानं काँग्रेसच्या अध्यक्षांकडे खुलासा मागितला. ज्या राज्यात धरणांचं पाणी, शेतमालाचा भाव असे शंभर प्रश्न होते, तिथे दोन दिवस एका शब्दावर लढाई. मी कवी म्हणून खूश व्हायला हवं होतं.

२०२४ च्या लोकसभेत ‘घुसपैठिये’ हा शब्द आला, २१ एप्रिलला राजस्थानातल्या बांसवाड्याच्या सभेत. मग तो रेल्वेसारखा सगळ्या देशात फिरला. नोव्हेंबरात आपल्या विधानसभेच्या वेळी ‘बटेंगे तो कटेंगे’ आणि ‘व्होट जिहाद’ होते. या शब्दांत परराष्ट्राचं नावच नाही, हे लक्षात घ्या. एन्रॉनच्या वेळी निदान एक खरी परदेशी कंपनी होती. आता बाहेरचा शोधायला बाहेर जावं लागत नाही. आणि २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा तेच घडलं. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यातून पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे बांगलादेशात ढकलले गेले, बंगाल सरकारनं त्यांचे कागद दाखवल्यावर परत आणावे लागले. ती बातमी वाचताना मला १९९८ चा तो पोरगा आठवला. तो आता पंचेचाळिशीत असेल.

मी स्वतःला एक सवय लावून घेतली आहे, वाटल्यास तुम्हीही करून पाहा. सभेत कुणी देशाच्या रक्षणाची गोष्ट काढली की मी ऐकता ऐकता विचार करतो, निकालाच्या दुसऱ्या दिवशी यासाठी कुणाच्या दारावर थाप पडणार आहे? एखाद्या मंत्रालयाच्या, एखाद्या कंपनीच्या, की पोटमाळ्याच्या? चीन, कर्ज, करार, मासेमारीची हद्द यांबद्दल वक्ता काही मोजमापानं बोलत असेल तर मी कान देतो, मग तो कुठल्याही पक्षाचा असो. बऱ्याचदा थाप पोटमाळ्यावरच पडणार असते, आणि ते वक्त्यालाही माहीत असतं.

माझे वडील जहाजावर खलाशी होते. कोकणातल्या मुसलमानांत हा धंदा जुना. खलाशाचं नोंदीचं एक पुस्तक असतं, त्याला आमच्याकडे नल्ली म्हणतात. कुठलं जहाज, कुठलं बंदर, किती महिने, सगळं त्यात. बाबांच्या नल्लीवर राष्ट्रीयत्वापुढे इंडियन असं लिहिलेलं आहे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आमचं रेशनकार्ड, घराचे कागद, सगळं त्यानंतरचं.

२० मे २०२४ ला मुंबईत लोकसभेचं मतदान होतं. उकाडा मरणाचा. आई आता ऐंशीच्या पुढे गेली आहे, तिला रिक्षानं केंद्रावर नेलं. रांगेत एका पक्षाचा पोलिंग एजंट होता, गळ्यात कुठला पट्टा नव्हता पण पक्ष कळत होता. त्यानं उठून आईला स्वतःची खुर्ची दिली. “बसा, आजी.” आमचा नंबर आला. आत बाईंनी यादीवर पट्टी फिरवली, नाव सापडलं, ओळखपत्र पाहिलं, शाई लावली. आईनं मत दिलं. बाहेर येऊन पाणी प्यायला पिशवी उघडली तेव्हा मला दिसलं, ओळखपत्राच्या पाकिटाखाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली बाबांची नल्ली होती.

“ही कशाला आणलीस?” मी विचारलं.

“मी नेहमीच आणते,” ती म्हणाली. “पंच्याण्णवपासून.”

“कुणी मागितली कधी?”

“नाही.” तिनं पाणी प्यायलं, बाटलीचं झाकण लावलं आणि नल्ली पुन्हा खाली, तळाशी ठेवली.